एका प्रतीचे तीन भाग

सातशे चौदा पानं, आणि प्रत एकच.
एकवीस जण रांगेत.
म्हणून मी 'अळणी' रबाळ्याला नेली,
बाइंडर मढवींकडे, म्हटलं, तीन करा.
त्यांनी पुस्तक हातावर तोललं,
घोळ मासा कापायला आणावा तसं माझ्याकडे पाहिलं,
विचारलं, डोकं कुणाला, शेपूट कुणाला?

बोनकोड्यात, झेरॉक्स आणि चिकन सेंटरच्या मधोमध
माझं वाचनालय. दहा बाय बारा.
सतरा वर्षांत इथे रांग लागली ती दोनदा,
पहिली चुकून: लोकांना वाटलं, आधार कार्ड इथेच निघतं.

मिळेल तो भाग घ्यायचा, असा नियम केला
आणि एकाच राज्यात तीन काळ सुरू झाले.
मसाला मार्केटचे बाजीराव शेडगे पहिल्या भागात:
अजून राणीने मिठावर बंदी घातलेली नाही,
अजून माणसांना आपापली नावं आठवतात.
सादिया मुकादम दुसऱ्यात; तिच्या लेखी समुद्र आटून गेलाय.
आणि कारखानीस बाई, निवृत्त, सेक्टर पंधरा,
तिसरा भाग पर्समध्ये घालून
भाजीवाल्यापुढे अशा उभ्या राहतात
जणू कोण मरणार हे त्यांना आणि यमालाच ठाऊक.

"डोंगा जगतो का हो?" शेडग्यांनी रस्ता अडवून विचारलं.
बाई म्हणाल्या, "मेथी कशी दिली?"

डोंगा म्हणजे मिठाच्या गोणी वाहणारा.
तलवार नाही, घोडा नाही, शाप नाही, कुळही नाही.
शेडगे म्हणाले, ताई, एवढं जाड पुस्तक
आणि आमच्यातला माणूस पहिल्या पानापासून!
मग समासात पेन्सिलीने लिहिलं:
'गोणी आधी मांडीवर घ्यावी लागते, मग खांद्यावर.
बाकी सर्व बरोबर. वाचताना पाठ भरून आली.'
दंड वीस रुपये. हसत दिला.
मी ते खोडलं नाही.

लेखिकेचं हे पहिलंच. फोटो नाही.
मागे एवढंच, की दिवाळे गावात राहते
आणि बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
सादिया शपथेवर सांगते, आतला नकाशा उलटा धरला
तर ती पारसिकची टेकडी आहे
आणि विस्मरणाचा घाट म्हणजे आपला महापेचा सिग्नल.
एका रविवारी चौघं रिक्षा करून निघाले तिला भेटायला.
जेट्टीपर्यंत गेले, वाळणारे बोंबील पाहिले,
विचारायला कुणी धजलं नाही.
येताना प्रत्येकाने मिठाची पिशवी आणली.
का, ते मी विचारलं नाही.

माझी पाळी सगळ्यात शेवटी, तीही चोरून.
शटर अर्धं ओढून शेवटाशी आले
तर अखेरची सोळा पानं वरून जोडलेली.
फर्मा कापलेलाच नाही.
छापखान्यात सुटला, मढवींच्या सुरीलाही दिसला नाही.

नऊ जण वाचून गेले होते.
नऊही जण म्हणाले होते, शेवट? अहो, शेवट तर...
आणि पुढे नुसता हात हलवला होता.

दिव्याखाली धरलं. घडीच्या आत बोटांचे ठसे.
कुणी पान फुगवून डोकावलंय,
कुणी मोबाइलचा टॉर्च घातलाय,
एका कोपऱ्यात बडीशेपेचा दाणा.
निम्म्या ओळी दिसतात, निम्म्या आपण घालायच्या.
समोर भिंतीवर माझीच पाटी:
पान फाडल्यास सभासदत्व रद्द.

आता कळलं, मेथीचा भाव मध्येच का आला.

खणातून सुरी काढली. पेरू कापायची, पण धार बरी.
पहिल्या घडीत पातं सरकवलं, आणि शटर वाजलं.
वाकून शेडगे आत. अंगाला हळदीचा, धण्याचा वास.
"ताई, तिसरा आला म्हणे?"

आला, म्हटलं.
सुरी परत खणात ठेवली. रजिस्टरवर सही घेतली.
त्यांनी पुस्तक आधी मांडीवर टेकवलं, मग काखेत घेतलं.
शटरखालून वाकत होते, तेवढ्यात मी हाक मारली
आणि न मागताच
पेन्सिल दिली.